नवव्या पानावरची दाक्षी

दानम्मा : साल मला इचारू नको. आमच्या श्रीदेवीचं बारसं झालं, ते साल. तेवढं लिव.

अनिसा : अज्जी, पुस्तकात ‘श्रीदेवीचं बारसं झालं ते साल’ असं कसं छापू? पुण्यातली पोरं विचारतील, कोण श्रीदेवी?

दानम्मा : म्हणावं, दानम्माची धाकटी भन. अक्कलकोटला दिलीया. गुडगे दुखत्यात तिचे.

अनिसा : मग तिचं जन्मसाल सांग. त्यावरून काढते.

दानम्मा : आधार कार्डावर एक जून हाय.

अनिसा : एक जून सगळ्यांचीच असते. माझ्या अम्मीची एक जून, अब्बांची एक जून. साल काय लिहिलंय?

दानम्मा : छप्पन. तेवढं मातर खरं हाय. चैत्रात बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या. माज्या थोरल्या भनीनं, दाक्षीनं, पाळण्याची दोरी धरली ती धरलीच, कुणाला हात लावू दिला न्हाय. मी सहा वर्सांची, ती आठाची.

अनिसा : बघ, निघालं की नाही? पहिल्या पानावर एवढंच टाकते, ‘सोलापूर, १९५६’. आता भिंतीला टेकून नीट बस. सोळाच्या सोळा चित्रं जमिनीवर मांडलीत. उद्या सकाळी पुण्याला पाठवायची आहेत. प्रकाशक बाईंचा कालपासून तिसरा फोन आला.

दानम्मा : शब्द झाकलेस का?

अनिसा : शब्द घातलेच नाहीत अजून. नुसती चित्रं. नेहमीसारखं, तू बघून सांगायचं, मी ऐकायचं. तू भलतंच काही सांगितलंस तर चित्र चुकलं.

दानम्मा : म्हंजे या वयात माजी परीक्षा.

अनिसा : परीक्षा माझी. तुझी पंचवीस वर्षांपूर्वीच झाली की. नापास झालीस.

दानम्मा : ते काडू नको हां.

अनिसा : अस्वलाला म्हैस म्हणालीस!

दानम्मा : काळं हुतं. अंगभर केस हुते. तोंड फुडं आल्यालं. मी जन्मात अस्वल बगितल्यालं न्हाय. मग म्हैस न्हाय तर काय म्हणू?

अनिसा : दोन पायांवर उभी राहिलेली म्हैस, अज्जी!

दानम्मा : सांगितलं की मी तवा, झाडाचा पाला खायाला उटलीया म्हणून. तुला पटलं हुतं. चांगली टाळी वाजवलीस.

अनिसा : पटलं म्हणून तर घोटाळा झाला. वर्गात बाईंनी तेच पुस्तक उघडलं. मी उभी राहिले आणि ठणकावून सांगितलं, ही म्हैस आहे, हिचं रेडकू हरवलंय, ती त्याला शोधायला निघालीय. सगळा वर्ग खो खो हसला. मी म्हटलं, माझ्या अज्जीनं वाचून दाखवलंय, पुस्तकात तसंच लिहिलंय.

दानम्मा : आन घरी आलीस ती रडतच. दप्तर फेकलंस. ‘तू खोटं वाचतीस’ म्हणालीस. तुजी अकबरी अम्मी दिसभर टावेलाच्या कडा शिवाया जायची, तू माज्या पदरात. चार वर्सं मी तुला पुस्तकं वाचून दावली. एक अक्षर येत न्हवतं मला. चित्रं बगायची आन गोष्ट सांगायची. अंगठा उठवताना कदी लाज वाटली न्हवती मला, पर त्या दिशी सात वर्सांच्या पोरीला सांगाया वाटली.

अनिसा : मग मी पाटी आणली.

दानम्मा : पाटी आणलीस, लिंबाची छडी बी आणलीस.

अनिसा : आणि तू म्हणालीस, अ-आ नको, आधी ‘दाक्षायणी’ शिकीव. पहिल्या दिवशी कुणी ‘क्ष’ मागतं का? मलाच येत नव्हता! गौसमामूच्या दुकानात पळत जाऊन विचारून आले.

दानम्मा : पंधरा दिस लागले. पर आलं.

अनिसा : आलं, आणि मग तू पाटी पुसूच दिली नाहीस. मला शाळेला दुसरी पाटी घ्यावी लागली. अम्मीनं माझ्या पाठीत धपाटा घातला. बरं, चल. पान पहिलं.

दानम्मा : अव्वा भाकरी थापतीया. चुलीम्होरं दाक्षी उकिडवी बसलीया. मी पाळण्यातल्या श्रीदेवीच्या पायाला गुदगुल्या करतीया. बरोबर?

अनिसा : बरोबर. दुसरं?

दानम्मा : डबा भरला. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. डबा पितळी केलास ते बरं केलंस, मागल्या खेपेला स्टीलचा हुता. आता आमी अप्पाला डबा द्याया कारखान्यावर निघालो. दाक्षीच्या डोस्क्यावर डबा. तिसऱ्यात शेळी आली. चौथ्यात शेळीनं डब्याचं फडकं वडलं. शेळीचं डोळं लई लबाड काडलंस गं! ही आपल्या गल्लीतल्या रंभाबाईची शेळी हाय की काय?

अनिसा : तिचीच. दोन दिवस तिच्या दारात बसून काढली. तिनं माझ्या वहीचं एक पान खाल्लं.

दानम्मा : पाचवं... हे सात रस्ता. थांब. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहाच रस्तं हायेत की. सातवा कुटं गेला?

अनिसा : सातवा आपल्या पायाखाली आहे. आपण त्याच रस्त्यावर उभे राहून बघतोय. चित्र बघणारा कुठंतरी उभा असतो, अज्जी. कुठं उभा आहे ते आधी ठरवायचं, मग पेन्सिल टेकवायची.

दानम्मा : आसं व्हय? म्हंजे आमी दोगी बी सातव्याच रस्त्यानं आलो. लई शानी झालीस. सहावं, सातवं, आठवं... हां, टांगा, घोड्याची लीद, दाक्षीनं मला उचलून पलीकडं ठेवलं. बेस.

अनिसा : आता नववं.

दानम्मा : ही न्हाय.

अनिसा : नीट बघ तरी.

दानम्मा : बगितलं. कारखान्याचा भोंगा झाला, दाक्षी थांबली, तिनं मान वर केली. हे समदं बरोबर हाय. पर ही पोरगी ती न्हाय. आदीच्या पानावर ती बारकी हुती, लांबनं चालून गेली. हितं पानभर तोंड काडलंस. हे तोंड तिचं न्हाय.

अनिसा : सातवा चेहरा आहे हा. पहिल्या वेळी म्हणालीस, गाल फार भरलेत. कमी केले. मग म्हणालीस, डोळे अनिसाचे झालेत. बदलले. नाक बदललं, हनुवटी बदलली, कपाळावरचं कुंकू बदललं. मी काय चुकतेय ते तरी सांग. भुवया? ओठ?

दानम्मा : काय चुकतंय ते कळत न्हाय. चुकतंय एवढं कळतंय.

अनिसा : आठ महिने झाले या पुस्तकाला, अज्जी. बाई म्हणतात, गोड चेहरा आहे, हाच ठेवा. मुलांना काय फरक पडतो?

दानम्मा : मग छापा. माजं नाव काडा आन छापा.

अनिसा : असं काय बोलतेस?

दानम्मा : मग कसं बोलू? ऐक. तिचा फोटू न्हाय. एक बी न्हाय. आमच्या घरात फोटू पयल्यांदा निगाला तो माज्या लग्नात. अव्वा गेली, अप्पा गेले, श्रीदेवी तवा पाळण्यात. दाक्षीला बगितल्यालं माणूस हितं मी येकटी उरलीया. उद्या मी गेले, की पुस्तकातली पोरगी तीच दाक्षी. तिला मग कोण न्हाय म्हणणार? चुकीची पोरगी छापून कसं चालंल गं?

अनिलकुमार : चहा. बिनसाखरेचा आईचा, साखरेचा अनिसाचा. काय, पुन्हा नऊ नंबरवर गाडी अडली का?

अनिसा : अडली, अनिलकाका.

अनिलकुमार : मी कालपासून सांगतोय, हे सिंपल काम आहे. मोबाइलवर ॲप आहे. आमच्या ऑफिसात सगळे वापरतात. आईचा लग्नातला फोटो टाकला, श्रीदेवीमावशीचा टाकला, वय आठ लिहिलं. एका मिनिटात चेहरा तयार. हे बघ आई. चष्मा लाव.

दानम्मा : ही कुणाच्या घरची?

अनिलकुमार : दाक्षीमावशी!

दानम्मा : हिला कदी ऊन लागल्यालं दिसत न्हाय. दात बग कशे, हरभऱ्याच्या डाळीवानी एकसारखे. दाक्षीचे म्होरचे दोन पडल्याले हुते.

अनिलकुमार : दात पाडता येतात. ऑप्शन आहे. पण नाक तरी तुझंच आहे की नाही?

दानम्मा : नाक तुज्या बायकूचं हाय.

अनिसा : काका, खरंच दानेश्वरीकाकूचं आहे हो!

अनिलकुमार : हसा. माणूस मदत करायला गेला की हसायचं. आई, मग एवढाच हट्ट असेल तर चादरीवरची दाक्षीमावशी दाखव की हिला. अप्पाआजोबांनी काढलेली. ती बघून काढेल.

दानम्मा : तू तुजा चहा घेऊन आत जा बगू.

अनिसा : कुठली चादर?

दानम्मा : काय न्हाय. ह्याला काय बी बोलायची सवय हाय.

अनिलकुमार : काय न्हाय कसं? कॉटखालच्या ट्रंकेत आहे. मी गेलो. तुम्ही दोघी आणि तुमची शेळी.

अनिसा : अज्जी. कुठली चादर?

दानम्मा : त्यात आता काय ऱ्हायलं न्हाय.

अनिसा : आठ महिने मी हवेतून चेहरे काढतेय, आणि तुझ्या वडिलांनी काढलेली दाक्षी कॉटखाली आहे?

दानम्मा : म्हटलं न्हवं, त्यात काय न्हाय म्हणून.

अनिसा : मग बघायला काय हरकत आहे?

दानम्मा : ...वड ती ट्रंक. सावकाश. कडी मोडकी हाय. वरची लुगडी बाजूला ठेव. त्याच्या खाली.

अनिसा : अगं! ही तर माझी चादर!

दानम्मा : तुजी कशी?

अनिसा : दुपारी तू मला हिच्याचखाली झोपवायचीस! लाल आणि पांढरी. या कोपऱ्याला मी दात लावायचे, हे बघ, अजून कुरतडलेला आहे. आणि मधे हे देऊळ. झोप येईपर्यंत मी त्याच्या पायऱ्या मोजायचे.

दानम्मा : कसलं देऊळ?

अनिसा : हे काय. खाली रुंद, वर निमुळतं, त्याच्यावर कळस.

दानम्मा : डोस्क्यावर डबा हाय तो.

अनिसा : काय?

दानम्मा : खाली परकर हाय, वर डबा हाय. ती दाक्षी हाय.

अनिसा : मी चार वर्षं तिच्या कुशीत झोपले, आणि तू सांगितलं नाहीस?

दानम्मा : आता हस की. मी अस्वलाला म्हैस म्हटलं तर तुजा आख्खा वर्ग हसला. तू माज्या भनीला देऊळ केलंस.

अनिसा : पायऱ्या पायऱ्या दिसतात म्हणून तर...

दानम्मा : दिसणारच. चौकटीच्या कागदावरची नक्षी ती. तिच्यात वाकडी रेघ येत न्हाय, जिना उतरल्यावानी यावं लागतं. अप्पाचं कामच ते. येक चौकट म्हंजे येक धागा. मोर म्हणू नको, हत्ती म्हणू नको, कमळ म्हणू नको, समदं चौकटीत भरायचं. मग त्या कागदाबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यास्नी भोकं पाडायची, पट्ट्या मागावर चडवायच्या. जशी भोकं तशी नक्षी उटायची. अप्पाच्या बोटाला कायम शाई.

अनिसा : आणि ही?

दानम्मा : ही दाक्षी गेली त्या दिवाळीची. अप्पा दोन म्हैनं कुणाशी बोलत न्हवता. मग येक दिस चौकटीचा कागद घरी आणला. अव्वाला वाटलं, जादा काम आणलंय. मालकानं नक्षी बगितली, म्हणाला, मल्लप्पा, आसली चादर कोण घेनार? तरी बी येक काडू दिली. येकच. ती अप्पानं घरी आणून अव्वाच्या हातात दिली, आन अव्वानं घडी न मोडता ट्रंकेत ठेवली. तिच्या जितेपणी कदी भायेर आली न्हाय.

अनिसा : मग माझ्या अंगावर कशी आली?

दानम्मा : माज्यामुळं. तेच सांगत न्हवते कुणाला. अव्वा गेली, ट्रंक माज्याकडं आली. चादरीला कुबट वास येत हुता. मी सोड्याच्या पाण्यात भिजवली, दगडावर आपटली. आपट-आपट आपटली. वाळत घातली तवा पयल्यांदा पुरी उलगडून बगितली. तर तोंड कोरं.

अनिसा : कोरं म्हणजे?

दानम्मा : बग की. डबा हाय, केस हायेत, परकर हाय, हात हायेत. तोंड हाय का? अव्वानं चाळीस वर्सं जपलं, मी येका सकाळी धुऊन टाकलं. माज्या हातानं गेलं तिचं तोंड. अप्पा तवा जिता हुता. त्याला दावली न्हाय. मग म्हटलं, नासली ती नासली, पोर तर झोपंल हिच्यावर. म्हणून तुला दिली.

अनिसा : थांब. अज्जी, थांब. ते टोक धर तुझ्याकडचं. उलटी करू.

दानम्मा : उलटी कशाला?

अनिसा : तू चादरीवाल्याची लेक, आणि हे मी तुला सांगायचं? हे छापलेलं नाही, विणलेलं आहे. या बाजूला जिथं लाल, तिथं मागच्या बाजूला पांढरं. इथं पांढरं, तर तिकडं लाल. हो की नाही?

दानम्मा : व्हय. सोलापुरी चादर दोनी अंगानं पांगरता येती.

अनिसा : मग इथं डोळा असता, तर मागंही डोळा असता, उलट्या रंगात. तू सोड्यात भिजव नाहीतर ॲसिडात घाल. विणलेला डोळा जायचा तर तिथं भोक पडेल, नुसता डोळा नाही जाणार. आता बघ मागून. हात फिरव. कुठं विरलंय? कुठं धागा तुटलाय?

दानम्मा : न्हाय.

अनिसा : डोळ्याची खूण?

दानम्मा : न्हाय. मागं बी कोरंच हाय.

अनिसा : तू नाही पुसलंस, अज्जी. अप्पांनी काढलंच नव्हतं.

दानम्मा : आसं कसं? मोराला डोळा काडायचा की अप्पा. हत्तीला काडायचा. मोटा डोळा, नऊ चौकटीचा. मग पोटच्या पोरीला काडला न्हाय?

अनिसा : तेच बघतेय. ही मधली उभी रेघ काय आहे?

दानम्मा : पोलक्याची बटणं.

अनिसा : बटणं गळ्यापासून सुरू होतात. ही डोक्यापासून निघालीय. डब्याच्या खालून सरळ कमरेपर्यंत. आणि टोकाला हे काय? चार पाकळ्यांचं?

दानम्मा : रिबिनीचं फूल.

अनिसा : मग ही रेघ काय झाली?

दानम्मा : येणी... येणी हाय ती.

अनिसा : ती पाठमोरी आहे, अज्जी.

दानम्मा : अगं बाई.

अनिसा : डबा देऊन झाल्यावर तुम्ही काय करायच्या?

दानम्मा : अप्पा गेटात येऊन डबा घ्यायचा. कालचा रिकामा द्यायचा. दाक्षी तो डोस्क्यावर घ्यायची आन आमी मागारी फिरायचो. वळून बगितलं की अप्पा तितंच उबा. पार वळणापत्तोर उबा ऱ्हायचा. मुकादम वरडायचा तरी हलायचा न्हाय.

अनिसा : मग तेवढंच काढलंय त्यांनी. गेटातून जेवढं दिसत होतं तेवढं.

दानम्मा : पर मग मी कुटं हाय? मी बी हुते की बरोबर. मला काडलंच न्हाय.

अनिसा : तू जिवंत होतीस, अज्जी.

दानम्मा : ...व्हय. ते बी खरं.

अनिसा : चहा निवला. दुसरा आणू?

दानम्मा : नको. बस.

अनिसा : एक विचारू? राग नको मानू. मघाशी सात रस्त्याच्या चित्रात तू विचारलंस, सातवा रस्ता कुठंय. आता मी विचारते. तुम्ही दोघी डबा घेऊन चाललात. तू कुठं होतीस? तिच्या शेजारी?

दानम्मा : शेजारी कशी? तिचे पाय लांब, माजे आखूड. तिला घाई, भाकरी निवती म्हणून. मी मागं. कायम मागं.

अनिसा : मग तिचा चेहरा...

दानम्मा : मला आठवत न्हाय.

अनिसा : काय?

दानम्मा : मोट्यानं नको बोलू, अनिल ऐकंल. मला दाक्षीचं तोंड आठवत न्हाय गं. कवापासनं न्हाय ते बी ठावं न्हाय. आदी वाटायचं, चादरीवरचं गेलं तरी माज्या डोस्क्यात हाय. तू पयलं चित्र घेऊन आलीस तवा डोळं मिटले आन बगाया गेले, तर कायच न्हाय. कोरं. तू सात तोंडं काडलीस, मी सात येळा न्हाय म्हटलं. त्यातलं येखादं खरं बी असंल. पर मी व्हय म्हटलं असतं, तर तीच दाक्षी झाली असती. भ्या वाटलं मला. आठ म्हैनं तुला नाचवलं. मार मला छडी.

अनिसा : छडी आता रंभाबाईच्या शेळीनं खाल्ली. रडू नको. अगं, नको ना रडू. मला सांग, काय आठवतं?

दानम्मा : काय आठवणार? पाठ.

अनिसा : सांग मग पाठ. नवा कागद घेतला. मी काढते, तू बोल.

दानम्मा : पाठमोरी पोर कोण बगंल पुस्तकात? तुज्या पुण्याच्या बाई काय म्हणतील?

अनिसा : म्हणतील, ‘अनिसा, मुख्य पानावर पाठ?’ मी सांगेन, ‘हो. पाठच.’ बोल तू. वेणी?

दानम्मा : येकच. करकचून. अव्वा गुडग्यात दाबून घालायची. पर रिबीन सुटल्याली, येक टोक लांब, येक आखूड.

अनिसा : परकर?

दानम्मा : इरकलीचा. अव्वाच्या लुगड्याचा केल्याला. खालची दुमड उसवून लांब केल्याला, म्हणून खाली येक गडद पट्टा. तितं रंग उडल्याला न्हवता. तो पट्टा मी कायम बगायची. माज्या डोळ्याम्होरंच असायचा.

अनिसा : पाय?

दानम्मा : अनवाणी. टाचा पांढऱ्या, धुळीच्या. उजव्या पायात वाळा, डाव्यातला इकल्याला... न्हाय, डाव्यातला हरवल्याला. शेळीम्हागं पळताना. त्यावरनं मार खाल्ला तिनं. वाळा माज्यामुळं गेला, पर तिनं सांगितलं न्हाय.

अनिसा : हात? एक हात डब्याला. दुसरा?

दानम्मा : दुसरा मागं.

अनिसा : मागं कसा?

दानम्मा : असा. वळून बगायची न्हाय, डबा पडंल म्हणून. नुसता हात मागं करायची आन येक बोट फुडं काडायची. म्हंजे, धर. मी पळत जाऊन धरायची. सात रस्ता आला की बोट. टांगा आला की बोट. कुत्रं आलं की बोट. मी धरलं की जरा दाबायची, म्हंजे तिला कळलं.

अनिसा : हे कधी सांगितलं नाहीस.

दानम्मा : तू तोंडच इचारत बसलीस. बोट कुणी इचारलं?

(अनिसा चित्र पुरं करते.)

अनिसा : अज्जी. शब्द नाहीत. बघ आणि सांग.

दानम्मा : चष्मा पुसू दे... भोंगा झाला. दाक्षी म्होरं चाललीया. डोस्क्यावर डबा हाय. टाचा पांढऱ्या, पट्टा गडद. तिला उशीर झालाय, तरी बी थांबलीया. मागं बोट केलंया.

अनिसा : कुणासाठी?

दानम्मा : माज्यासाठी. पर मी हितं न्हाय गं. मला काडलंच न्हाईस?

अनिसा : तू सातव्या रस्त्यावर आहेस. चित्राच्या अलीकडं. पुस्तक हातात धरेल ते पोर तुझ्याच जागी उभं राहील. ते बोट त्याच्यासाठी.

दानम्मा : म्हंजे कुणीबी पोर तिचं बोट धरणार.

अनिसा : कुणीबी.

दानम्मा : धरू देत. तिला कुणाचं वजं वाटायचं न्हाय.

अनिसा : मग? ही आहे का ती?

दानम्मा : व्हय. ही दाक्षी. रंग देऊ नको लई. लाल आन पांढरा बास.

अनिसा : सगळं पुस्तक लाल-पांढरंच केलंय मी. बाईंनी विचारलंही होतं, हेच रंग का? मला सांगता आलं नव्हतं.

दानम्मा : चार वर्सं पांगरून झोपलीस. अंगाला लागणारच की. आता ते सोळावं पान दे. शेवटचं. तितं जागा हाय न्हवं खाली?

अनिसा : आहे. तिथं ‘समाप्त’ येणार आहे.

दानम्मा : समाप्त नको. तितं मी लिवणार.

अनिसा : काय लिहिणार?

दानम्मा : ती गेली ते.

अनिसा : मुलांच्या पुस्तकात, अज्जी?

दानम्मा : मी सहा वर्सांची हुते. मला कुणी सांगितलं न्हाय. मामाकडं गेलीया म्हणाले. मी रोज उंबऱ्यात बसायची, डबा घेऊन जायाला. पोरास्नी सांगितलं की कळतं. न सांगितलं की बसून ऱ्हात्यात. आण ते पेन.

अनिसा : हे घे. पुसलं जाणार नाही हं, नीट लिही.

दानम्मा : पुसायचं हाय कुणाला? ‘क्ष’ला येळ लागंल. घाई करू नको.

अनिसा : नाही करत. लिहून झालं की वाचून दाखव. आणि खरं वाच. म्हैस नको.

दानम्मा : गप. ...हां. झालं. ऐक. ‘दाक्षायणी मल्लप्पा हत्तुरे. भवानी पेठ, सोलापूर. सन एकोणीसशे छप्पन, श्रावणातला तिसरा सोमवार, तापाने वारली. वय वर्षे आठ.’